थंडीतल्या ट्रेकला पाय सुन्न पडतात, फोड येतात? नवे बूट घ्यायच्या आधी हे बघा

डिसेंबर लागला की हा फोन येतोच. "मावशी, काल जानापावच्या डोंगरावर गेलो होतो, पायांची पार वाट लागली, आता चांगले बूट घ्यायचेत, कुठले घेऊ?" मी विचारते, मोजे कुठले घातले होतेस? की तिकडे चिडीचूप. मग हळूच, "ऑफिसचेच होते."

मी इंदूरची. थंडीचे तीन-चार महिने रविवारी पहाटे आमचं टोळकं निघतं, जानापाव, कजलीगढ, चोरल नदीच्या काठाकाठाने, कधी मांडू, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा उत्तराखंडात बर्फातला एखादा ट्रेक. मी डॉक्टर नाही, पण इतक्या वर्षांत लोकांचे इतके पाय मांडीवर घेऊन बघितलेत की आता बूट काढायच्या आधीच अंदाज येतो. दहातल्या आठ वेळा बुटाचा दोष नसतो. सात-आठ हजारांचे बूट घेऊन तोच त्रास परत घेऊन आलेले लोक मी बघितलेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय, आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, आणि बूट सगळ्यात शेवटी.

आधी तुमचं नेमकं काय होतंय ते ओळखा, कारण "पाय दुखले" म्हणजे काहीच कळत नाही.

एक प्रकार असा, की चालायला लागून अर्धा-पाऊण तास झाला तरी बोटं गारच, मग मुंग्या, मग बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही. दुसरा, टाचेला किंवा करंगळीच्या बाजूला एकच जागा गरम लागते, चुरचुरते, आणि घरी येऊन बघावं तर पाणी धरलेला फोड. तिसरा फक्त उतारावर, अंगठा बुटाच्या टोकाला सारखा आपटतो आणि दोन दिवसांनी नख काळंनिळं. चौथा म्हणजे बूट काढल्यावर तळवा पांढराफटक आणि सुरकुतलेला, तासभर धुणं धुतल्यावर हात होतात तसा. पाचवा घरी आल्यावर कळतो, हीटरपुढे पाय शेकत बसलं की थोड्या वेळाने बोटं लाल-जांभळी होऊन सुजतात आणि अशी खाज सुटते की रात्री झोप नाही. आणि टाचांच्या भेगा उघडून रक्त येणं, ते तर आपल्या माळव्याच्या कोरड्या थंडीत ट्रेक न करतासुद्धा होतं.

ही सगळी मंडळी वेगळी दिसली तरी बहुतेकांच्या मागे दोनच गोष्टी असतात, ओल आणि दाब. थंडी बिचारी तिसऱ्या नंबरवर. इंदूरला जानेवारीच्या पहाटे साधारण ८-१० डिग्री असतं, एवढ्यात कोरडा आणि मोकळा पाय सुन्न पडत नाही, ओला आणि आवळलेला पाय पडतो.

पुढे वाचायच्या आधी एक गोष्ट. डायबेटिस असेल, पायाला स्पर्श कमी कळत असेल किंवा रक्तपुरवठ्याचा त्रास असेल तर खालचे घरगुती प्रयोग तुमच्यासाठी नाहीत. नखं, मोजे, लेस एवढं बघा, बाकी फोडबिड काही आला तर हात न लावता डॉक्टरकडे. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांच्या बुटात हरभऱ्याएवढा खडा होता आणि ते त्यावर चार तास चालले, त्यांना कळलंच नाही, बूट काढला तेव्हा मोजा लाल. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून डायबेटिसवाल्यांना मी ट्रेकच्या आधी आणि नंतर तळवा आरशात बघायला लावते, आणि दर थांब्याला बूट झटकायला.

सुरुवात नेलकटरपासून करा, त्याला पैसे लागत नाहीत. नख बोटाच्या पुढे जराही आलं असेल तर उतारावर प्रत्येक पावलाला ते बुटावर आपटतं आणि नखाखाली रक्त साकळतं, काळं नख म्हणजे तेच. सरळ कापा, कोपरे गोल खोल कापायचे नाहीत, कारण मग नख वाढताना मांसात घुसतं आणि नखुरडं होतं. आणि कापायचं ते निघायच्या आदल्या रात्री नाही, दोन-तीन दिवस आधी, म्हणजे कुठे लागलंच तर भरून येतं.

मग लेस. ह्याकडे कोणी बघतच नाही. आपण घरातून निघताना बूट करकचून बांधतो, कारण लहानपणी शाळेच्या परेडला तसंच शिकवलेलं, आणि मग चवड्यावरचा दाब रक्त अडवतो. पायाच्या बोटांना स्वतःची शेगडी नसते, त्यांची ऊब रक्ताबरोबर येते, रक्त अडलं की मोजा कितीही जाड असो, बोटं गारच राहणार. तपासायचं असं, बोटं सुन्न झाली की बसा, पुढची लेस पूर्ण सैल करा, बुटाच्या आत बोटं दोन-तीन मिनिटं हलवत राहा. मुंग्या येऊन ऊब परतली तर चोर सापडला. पुढे बांधताना चवड्यावर सैल ठेवा आणि घोट्यापाशी घट्ट. बुटाला सगळ्यात वर जास्तीचं भोक असतं ना, जे आपण कधीच वापरत नाही, ते त्यासाठीच असतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास तयार करायचा, दोन्हीकडे, मग समोरच्या बाजूची लेस त्या फासातून काढून ओढायची आणि वर गाठ मारायची. टाच बुटात पक्की बसते, पाय पुढे सरकत नाही, म्हणजे टाचेचा फोड आणि अंगठ्याचं काळं नख दोन्ही एका गाठीत सुटतात. चढताना जरा सैल, उतरायला लागायच्या आधी थांबून परत बांधा. दोन मिनिटं जातात, जाऊ देत, तेवढ्यात कोणीतरी फोटो काढतच असतं.

बर्फात जाणाऱ्यांसाठी ह्यातच एक जास्तीचं. बुटाला खाली मायक्रोस्पाइक, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून धातूचे दाते, लावतात, त्याचा रबरी पट्टा मऊ बुटावर बसला की पुढून चवडा आवळतो. स्पाइक लावल्यावर बोटं गार पडली तर आधी तो पट्टा बघा, मोठा साइझ मागून घ्या.

आता मोजे, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

माझा पहिला बर्फातला ट्रेक केदारकंठा, साधारण साडेबारा हजार फूट, डिसेंबरअखेर. घरातून सगळ्यांनी सांगितलेलं, दोन-दोन मोजे घाल हो, गारठशील. घातले. आत सुती, वर घरी विणलेला लोकरीचा. बूट मात्र इंदूरला एका पातळ मोज्यावर मापून घेतलेले. शिखराला रात्री अडीच-तीनला निघतात, तासाभरात माझ्या डाव्या पायाची तीन बोटं गेली, म्हणजे होती, पण माझी वाटेनात. मी काय केलं असेल, तर लेस अजून आवळली, की ऊब धरेल. गाईड मुलगा विशीतला, त्याने टॉर्च मारून विचारलं, "दीदी, मोजे कितने?" दोन म्हटल्यावर त्याने तिथेच बर्फावर मॅट टाकून मला बसवलं, बूट काढायला लावला, आतला सुती मोजा हातात घेऊन पिळला आणि खरंच त्यातून पाणी टपकलं. माझाच घाम. मग माझ्या मैत्रिणीने जॅकेट वर करून माझं पाऊल सरळ आपल्या पोटाला लावून घेतलं, ती किंचाळली ते अजून आठवतं, पण पाच-सात मिनिटांत बोटांत सुया टोचायला लागल्या आणि मला रडू आलं, दुखलं म्हणून नाही, बोटं परत आली म्हणून. पुढे एकच कोरडा लोकरी मोजा घालून मी वर जाऊन आले.

तर चूक दोन्हीकडून होती. दोन मोज्यांनी बूट भरला, बोटांना हलायला जागा नाही, दाब वाढला. आणि आतला सुती मोजा घाम पिऊन बसला. सुती कापड पाणी धरून ठेवतं, वाळत नाही, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणजे ओला सुती मोजा घालण्यापेक्षा मोजा न घातलेला बरा असं म्हणायची पाळी. लोकर ओली झाली तरी तिच्या तंतूंमधली हवा पूर्ण दबत नाही, म्हणून ती ओलसर असतानाही बऱ्यापैकी ऊब देते. मेरिनो लोकरीचे मोजे मऊ असतात, टोचत नाहीत, महाग आहेत पण बुटापेक्षा खूपच स्वस्त. ते नको असतील तर लोकर-नायलॉन मिक्स घ्या, हिवाळ्यात गरम कपड्यांचे बाजार लागतात तिथे मिळतात, महूच्या बाजारात फौजी धाटणीचे मिळतात, फक्त लेबलवर कॉटन किती ते वाचा, कारण "वूलन" म्हणून निम्मं काहीही विकतात.

तपासणी अगदी सोपी आहे. पहिल्या चहाच्या थांब्याला बूट काढून मोजा गालाला लावून बघा. हसतील लोक, हसू देत. गार-ओलसर लागला तर बदला, काढलेला बॅगेला बाहेरून क्लिप लावून लटकवा, उन्हात वाळतो. प्रत्येकाच्या बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडी जोडी हवीच, आणि ती "हॉटेलवर गेल्यावर घालू" म्हणून गाडीत ठेवायची नसते.

दोन मोजे घालूच नयेत असं नाही हां. आत अगदी पातळ सिंथेटिक आणि वर लोकरी, हे फोडांसाठी उत्तम, कारण घासाघासी दोन मोज्यांमध्ये होते आणि कातडी वाचते. पण बुटात तेवढी जागा असेल तरच.

इंदूरच्या आसपास ओल फक्त घामाची नसते, दवाची पण असते. पहाटे गव्हाच्या नाहीतर हरभऱ्याच्या शेताच्या बांधावरून गेलात की दहा मिनिटांत जाळीचे रनिंग शूज चिंब. हरभऱ्याचं तर अजून वेगळंच, त्याच्या पानांवर आंब असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक ॲसिडवाली, दवाबरोबर ती बुटात उतरते आणि आधीच सालटं गेलेल्या जागी अशी झोंबते की विचारू नका. माझी आजी रात्री त्या झाडांवर पांढरं फडकं पसरून सकाळी पिळून ती आंब पोटदुखीसाठी बाटलीत भरायची, आणि इथे आम्ही ती मोज्यांत भरून घरी आणतो. मावठा पडून गेला असेल तर काळी माती बुटाला चिकटून एकेक पाय किलोभर जड, मग पाय फरफटतो आणि टाच घासते. उपाय साधा, गेटर म्हणजे बुटाच्या तोंडावरून पोटरीपर्यंत बांधायचं आवरण, ते लावा, नाहीतर पँटचे पाय मोज्यात न खोचता बुटावरून खाली सोडा म्हणजे पाणी आत ओघळत नाही, आणि शेत संपल्यावर काठीने माती खरवडा.

फोडाचं म्हणाल तर तो येण्याच्या आधी कळवतो, आपणच ऐकत नाही. ती गरम लागणारी जागा म्हणजे निरोप असतो. ग्रुप थांबेल का, सगळे काय म्हणतील, पुढच्या टपरीला बघू, ह्या संकोचात फोड येतात, विशेषतः नव्या सुनांना आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यांना, म्हणून मी पहिल्या अर्ध्या तासाने स्वतःच ओरडते, "कुणाचं काय घासतंय का?" की तीन हात वर.

तिथे लावायची ती मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी, मायक्रोपोर म्हणून मागा, बँड-एड नाही, ती गुंडाळी होऊन अजून घासते. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा २०१६ साली एक अभ्यास छापून आला, सुमारे २५० किलोमीटरच्या शर्यतीत पळणाऱ्यांच्या पायांवर त्यांनी हीच साधी पट्टी लावून बघितली, तर फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालं. लावताना पाय कोरडा पुसा, पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा म्हणजे सुटत नाहीत, सुरकुती पडू देऊ नका. ज्यांना नेहमी त्याच जागी फोड येतो त्यांनी घरूनच लावून निघा. व्हॅसलीनही चालतं पण पहिला तासभरच, मग परत लावावं लागतं, आणि व्हॅसलीन लावून त्यावर टाल्कम पावडर थापायची नाही, त्याचा लगदा होऊन खरखरीत कागदासारखा घासतो.

फोड आलाच तर? छोटा, न दुखणारा असेल तर हात लावू नका, त्यावरची कातडी हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग. मोठा, ताणलेला, पाऊल टेकवत नाही असा असेल तर साबणाने हात-पाय धुवा, बीटाडीन लावा, नवी निर्जंतुक सुई घेऊन कडेला एक-दोन भोकं पाडा, पाणी दाबून काढा, वरची कातडी अजिबात उपटायची नाही, मग व्हॅसलीन आणि स्वच्छ पट्टी. ओंकारेश्वरला नर्मदेची परिक्रमा उचलणारी मंडळी भेटतात, चातुर्मास संपल्यावर हिवाळ्यातच निघतात बहुतेक, त्यांच्यात मी बघितलंय की सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात आणि दोरा तसाच ठेवतात, पाणी झिरपत राहावं म्हणून. मी एका मावशींना हात जोडून सांगितलं, दोरा काढा. जी वात पाणी बाहेर आणते तिचीच वाट धरून धूळ आणि जंतू आत जातात. त्या म्हणाल्या, "मैया बघून घेईल." मैया बघेल हो, पण दोरा आपण काढावा.

टाचांच्या भेगांचं थोडक्यात. घट्टे आणि कोरडी कातडी वाकत नाही, म्हणून फाटते. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, घट्टा हलकेच घासा, पुसून युरियावालं फूट क्रीम किंवा कोकणातून कोणी पाठवलं असेल तर कोकमाचं तेल पातळ करून भेगेत भरा आणि वर मोजे घालून झोपा. हे रात्रीच करायचं, निघायच्या सकाळी नाही, कारण मऊ पडलेल्या कातडीला फोड लवकर येतो. बोटांच्या बेचक्यात पांढरं, सोललेलं, वास मारणारं असेल तर त्या चिखल्या, पावसाळ्यातल्या राहिलेल्या. तिथे तेल-क्रीम काही नाही, कोरडं ठेवा आणि बुरशीचं मलम लावा.

एक गोष्ट पायाची वाटत नाही पण आहे. टोपी घातली नाही, सकाळपासून पोटात काही नाही, पाणी कमी प्यायलं, तर अंग आधी छाती-पोटाची ऊब वाचवतं आणि हातापायांच्या शिरा आखडून घेतं. तेव्हा बोटं गार पडली की डोक्यावर टोपी आणि तोंडात गुळाची चिक्की, हे मोज्याइतकंच खरं औषध आहे. राजवाड्यावर पोहे-जलेबी खाऊन निघायचं मी सांगते ते काही फक्त इंदुरी हौस म्हणून नाही. सिगरेट मात्र उलटं करते, निकोटीनने शिरा आखडतात, आणि दारूने अंग गरम वाटतं पण ऊब बाहेर जाते.

बूट ओले झालेत आणि दुसऱ्या दिवशी परत चालायचंय, हा पुढचा प्रश्न. आतला सोल, ज्याला दुकानदार इनसोल म्हणतात, तो काढून वेगळा वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला, एकदाच कोंबून झोपलात तर काही उपयोग नाही. शेकोटीपुढे ठेवायचे नाहीत. आमच्या एका दादांनी चोरलला ठेवले, बूट सकाळी मस्त वाळलेले, आणि अर्ध्या वाटेत सोल जिभेसारखा लोंबायला लागला, डिंक वितळलेला. लेसने बांधून, लंगडत घरी. बर्फात कॅम्प असेल तर ओले मोजे स्लीपिंग बॅगेत पोटाशी घेऊन झोपा, सकाळी वाळलेले असतात, घाण वाटतं पण वाटू दे. आणि बूट वाळलेच नाहीत तर कोरडा मोजा, त्यावर ब्रेडची प्लॅस्टिक पिशवी, मग बूट. पिशवीत घाम साठतो म्हणून हे तेवढ्या दिवसापुरतं, रोजचं नाही.

एवढं सगळं करूनही तोच त्रास, तर मग बुटाकडे वळा. आधी एक फुकटची परीक्षा, इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि ट्रेकचे मोजे घालून त्यावर उभे राहा. पाऊल कडेबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद आहे, करंगळीचा फोड तिथलाच. अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा नसेल तर बूट लहान, काळं नख तिथलं. आतला सोल बदलून पातळ बसवून, टाच सैल असेल तर खाली जास्तीचा घालून काम भागतंय का बघा. लहान बूट मात्र मोठा होत नाही, मोच्याने काठी घालून कितीही ताणला तरी, आणि "घालून घालून सैल होईल" ह्या वाक्यावर इंदुरात अर्धी दुकानं चालतात.

नवीन घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजून जरा मोठा होतो. ट्रेकचे मोजे बरोबर न्या, दोन्ही पाय मापा, मोठ्या पायाचा साइझ घ्या, दुकानात जिना असेल तर पाच-सहा वेळा उतरून बघा, अंगठा लागतो का. वॉटरप्रूफ बुटाचं कौतुक असतं पण एकदा वरून पाणी आत गेलं की तेही लवकर बाहेर येत नाही, त्यामुळे गेटरशिवाय त्याला अर्थ नाही. आणि माळ्यावर सहा-सात वर्षं ठेवलेले, "अजून नवेच आहेत" असे बूट घालून लांब जाऊ नका. त्यांच्या सोलमधलं पीयू (पॉलियुरेथेन) फोम हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतं, वापरले नाहीत तरी, आणि पहिल्याच चढाला बिस्किटासारखा चुरा होतो. घरीच अंगठ्याने सोलच्या कडेला दाबून बघा, भेगा पडल्या, भुगा निघाला तर राम म्हणा. नवे बूट घरात, जिन्यात, सुपर कॉरिडॉरच्या रस्त्याला फेऱ्या मारून आठ-दहा दिवस रुळवा, मगच डोंगर.

आता कुठे थांबायचं ते.

बर्फात बोटं सुन्न झाली आणि लेस सोडून, मोजा बदलून, कोणाच्या पोटाला लावूनही १०-१५ मिनिटांत संवेदना येत नाही, किंवा कातडी पांढरी-राखाडी, मेणासारखी, दाबली तर कडक लागते, तर हिमदंश समजा आणि ट्रेक तिथे संपला. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही, शेकोटीला धरायचं नाही, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. खाली उतरून दवाखाना गाठा. गरम पाण्यात पाय घालायचे ते ३७ ते ३९ डिग्रीच्या, म्हणजे हाताच्या कोपराला कोमट लागेल एवढ्याच, आणि तेही पाय परत गोठणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच, कारण एकदा सुटून परत गोठलेला पाय पहिल्यापेक्षा जास्त खराब होतो.

पाय दिवसभर ओला-गार राहिला आणि वाळवल्यावरही रात्रभर बधिर, नंतर लाल, सुजून आग होत असेल, तर बर्फ नव्हता म्हणून घरी बसू नका. शून्याच्या वरच्या थंडीतही ओल्या पायाच्या नसांना इजा होते, पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय ह्यानेच गेले. हीटरनंतर येणारी ती खाज-सूज बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत जाते, पाय हळूहळू ऊबेत आणले तर पुढच्या वेळी येतही नाही, पण त्यावर फोड किंवा जखम झाली किंवा गार पाण्यात हात घातला तरी बोटं पांढरी-निळी पडत असतील तर दाखवा.

फोडाभोवती लाली पसरतेय का हे कळायला पेनाने कडेने रेघ मारून ठेवा, चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली, पू झाला, वर लाल रेषा चढली किंवा ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, सोमवारपर्यंत थांबायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते पण सांगा. काळ्या नखाखाली ठणका असह्य असेल तर ते घरी तापवलेल्या टाचणीने टोचू नका, दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे. आणि पायाच्या हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, रोज चालल्यावर वाढत असेल, तर तो फोडही नाही आणि मुरगळही नाही, हाडाला बारीक चीर असू शकते, हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि तोवर चालणं बंद.

जाताना ट्रेकचे बूट आणि मोजे पिशवीत घालून न्या. मी एकदा टाच घेऊन गेले होते, डॉक्टरांनी पायाला हात लावायच्या आधी बूट उलटा केला, बाहेरच्या बाजूने झिजलेला सोल बघितला आणि म्हणाले, "आता चालून दाखवा." मी चपला शोधायला लागले, तर म्हणाले, "अनवाणी, ताई."